अस्वलांच्या प्रदेशातील मानवी सुरक्षितता : अजिंठा-सातपुडा पट्ट्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बदनापूर परिसर हा दुधना नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा, सपाट व वृक्षविरळ भूभाग होय. 'बीडीएन' या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तुरीच्या वाणांमुळे हे नाव कृषिक्षेत्रास परिचित झाले; वन्य पशूंच्या संदर्भात ते सहसा घेतले जात नाही. परंतु याच जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील भोकरदन व जाफराबाद तालुके ओलांडले की अजिंठ्याची डोंगररांग लागते, ईशान्येस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य येते आणि त्यापलीकडे पूर्णेचे खोरे ओलांडल्यावर गाविलगड व मेळघाटचे डोंगर उभे राहतात. हा पट्टा अस्वलाचा जुना प्रदेश आहे. या प्रदेशात माणसाने अस्वलापासून स्वतःचा बचाव कसा केला, राज्यसत्तेने त्यात कोणती भूमिका घेतली आणि त्या बचावाची साधने कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्रातील वन्य पशूंचा इतिहास प्रामुख्याने वाघाचा व शिकारीचा इतिहास म्हणून लिहिला गेला. अलीकडे त्यात बिबट्याची भर पडली. अस्वल मात्र या लेखनात आनुषंगिक उल्लेखापुरतेच येते. याचे कारण अस्वल कमी धोकादायक आहे हे नव्हे. वाघाच्या हल्ल्यात माणूस बहुधा मरतो, अस्वलाच्या हल्ल्यात तो बहुधा जगतो, पण जायबंदी होऊन जगतो. शासनाच्या दप्तराने दीर्घकाळ केवळ मृतांची गणना केली. त्यामुळे जे जगले ते इतिहासाच्या नोंदीतून निसटले. अस्वलांच्या प्रदेशातील सुरक्षिततेचा प्रश्न समजून घेताना हा दप्तरी दोष प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

ऋक्षवताचा प्रदेश

संस्कृतात अस्वलाला 'ऋक्ष' म्हणतात. पुराणांतील सात कुलपर्वतांपैकी एकाचे नाव ऋक्षवान, म्हणजे अस्वलांचा पर्वत, असे आहे. नाशिकच्या लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळी, गौतमी बलश्रीने कोरविलेल्या प्रशस्तीत तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला ज्या पर्वतांचा स्वामी म्हटले आहे, त्यांत विंध्य, पारियात्र व सह्य यांच्यासोबत 'अछवत' हे प्राकृत नाव येते. ते ऋक्षवतच होय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा लेख आहे. याच प्रशस्तीत प्रतिष्ठान म्हणजे पैठण ज्या देशाची राजधानी होती त्या मूलक देशाचाही निर्देश आहे. ऋक्षवताचे नेमके स्थान कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. नर्मदेच्या दक्षिणेकडील सातपुड्याच्या रांगांशी तो जोडण्याकडे अनेकांचा कल दिसतो. स्थाननिश्चितीचा वाद बाजूला ठेवला, तरी दख्खनच्या राजसत्तेला आपल्या सीमेवरील एक पर्वत अस्वलांच्या नावाने परिचित होता, एवढे यावरून निश्चित होते.

पुराणकथांतील जांबवंत मराठी मनाला स्यमंतक मण्याच्या कथेमुळे जवळचा आहे. गणेश चतुर्थीला चंद्रदर्शन टाळण्याच्या प्रथेमागे हीच कथा सांगितली जाते. या कथेतील एक तपशील येथे उपयुक्त आहे. जांबवंत कृष्णावर चाल करून जात नाही. मण्याचा शोध घेत कृष्ण त्याच्या गुहेत शिरतो आणि मग युद्ध होते. अस्वलाशी माणसाची गाठ बहुतेक वेळा अशीच, त्याच्या जागेत माणूस अकस्मात शिरल्याने पडते. कथाकाराला हे ठाऊक होते की काय, हे सांगता येत नाही; पण रचना वास्तवाला धरून आहे.

प्राण्याचा स्वभाव व हल्ल्याचे स्वरूप

बचावाच्या पद्धती समजण्यासाठी प्राण्याची थोडी ओळख आवश्यक आहे. आपल्याकडील अस्वलाचे शास्त्रीय नाव 'मेलर्सस अर्सिनस' असे आहे. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याचे वर्णन करताना लांब नख्या पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील 'स्लॉथ' या संथ प्राण्याच्या कुळात टाकले. चूक पुढे दुरुस्त झाली, तरी इंग्रजी नावातील 'स्लॉथ' टिकून राहिले. नावावरून प्राणी मंद वाटतो. प्रत्यक्षात तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

वाळवी व मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न. वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसल्याने झालेल्या फटीतून व लांब ओठांच्या साहाय्याने तो वारुळातील वाळवी ओढून घेतो. त्या वेळी होणारा फुरफुराट बराच दूरवर ऐकू येतो. याखेरीज मोहाची फुले, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे व मध हे त्याचे ऋतुमानानुसार खाद्य. घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण, दृष्टी मात्र अधू. वारूळ उकरण्यात मग्न असलेल्या अस्वलाला माणसाची चाहूल उशिरा लागते आणि दोघांना एकमेकांचे भान येते तेव्हा अंतर अवघ्या काही पावलांचे उरलेले असते. पिले हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि पुढे अनेक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. त्यामुळे उन्हाळ्यात रानात भेटणारी मादी बहुधा लेकुरवाळी असते.

अशा भेटीत अस्वल पळून जाण्याऐवजी चालून का येते, याचे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे. उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल संकटात झाडावर चढते. आपले अस्वल चढण्यात पटाईत असले, तरी बचावासाठी ते झाडाचा आश्रय सहसा घेत नाही. उघड्या, खडकाळ व काटेरी रानात वाघाच्या सहवासात वाढलेल्या या प्राण्याने प्रथम आक्रमण हाच बचाव मानला. म्हणजे माणसावर होणारा हल्ला हा भक्ष्यासाठी नसतो, तो भीतीपोटी असतो. मागील पायांवर उभे राहून ते पंजे व दात चालविते, त्यामुळे घाव प्रामुख्याने डोके, चेहरा व हात यांवर बसतात. डोळा गमावणे, नाक वा जबडा फाटणे, टाळू उकलणे या जखमा मध्य भारतातील शल्यचिकित्सकांना परिचित आहेत.

मृत्यू व जखम यांतील तफावत आकड्यांनी स्पष्ट होते. तत्कालीन अविभाजित मध्य प्रदेशातील वन खात्याच्या नोंदींवर आधारलेला राजपुरोहित व क्राउसमन यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ७३५ माणसांवर हल्ले केले. त्यांपैकी ४८ मृत्युमुखी पडली. उरलेली ६८७ माणसे वाचली. केवळ मृत्यूच मोजणाऱ्या तक्त्यात या ६८७ जणांना स्थान मिळाले नसते.

कष्टाचे वेळापत्रक आणि लोकव्यवहार

अस्वलांच्या प्रदेशात बंदूक ही सामान्य माणसाच्या हाती कधीच फारशी नव्हती. त्याच्याकडे होती ती कुऱ्हाड, काठी, आगीचा टेंभा आणि सोबत. यांतील सोबत हेच सर्वांत परिणामकारक साधन ठरते.

मोहाच्या हंगामाचे उदाहरण घ्यावे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. ती वेचण्यासाठी बाया-माणसे पहाटेच्या अंधारात झाडाखाली पोहोचतात, कारण उन्हे चढली की फुले सुकतात आणि गुरे व हरणे ती खाऊन टाकतात. अस्वलही रात्रभर त्याच झाडाखाली चरत असते आणि उजाडता उजाडता परतते. एकच झाड, एकच फूल, जवळपास एकच घटका. खाली वाकून वेचणारा माणूस आणि खाली मान घालून खाणारे अस्वल या दोघांचेही लक्ष जमिनीकडे असते. वैशाखात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, कोवळी पाने झुडपांवर मिळतात आणि अस्वल दुपारच्या उन्हात अशाच झुडपी गारव्यात विसावलेले असते. पावसाळ्यात गुराखी, थंडीत सरपण व डिंक गोळा करणारे, अशी ही साखळी वर्षभर चालते. अस्वलाच्या हल्ल्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो या कष्टाच्या वेळापत्रकाला धरूनच लिहावा लागेल.

या वेळापत्रकातूनच बचावाचे लोकव्यवहार निर्माण झाले. रानात एकट्याने न जाणे, चालताना मोठ्याने बोलत वा आरोळी देत जाणे, नाल्याच्या वळणावर व दाट झुडपापाशी आधी दगड भिरकावणे, मोहाच्या झाडाखालचा पाचोळा साफ ठेवणे, या रीती मध्य भारतातील वनवासी समाजांत सर्वत्र आढळतात. पाचोळा जाळण्याचा मुख्य उद्देश फुले दिसावीत हा असतो, परंतु मोकळ्या जागेत अस्वलही दुरून दिसते. याच जाळण्यातून वणवे लागतात ही वन खात्याची तक्रार रास्त आहे. मात्र तिच्या निवारणाचा विचार करताना या दुसऱ्या उपयोगाकडे दुर्लक्ष होते. शेतात माळ्यावर बसून राखण करणे, रात्रीची जागल, डबे व ढोल वाजविणे यांचेही तत्त्व तेच आहे: आपण येथे आहोत हे प्राण्याला आधी कळविणे. गावगाड्यात 'जागल्या' हे राखणदाराचे पदच होते. एका माणसाची जागरणाची जबाबदारी सर्व गावाने मान्य केलेली असे, हे या व्यवस्थेचे बळ होय.

कुऱ्हाडीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. लाकूडतोड्याच्या खांद्यावरील कुऱ्हाड हे प्रथमतः अवजार होते, शस्त्र नव्हे. हल्ला झाल्यावर ती उपयोगात आल्याचे प्रसंग सांगितले जातात, परंतु अवघ्या काही पावलांच्या अंतरावरून चालून येणाऱ्या जनावरासमोर ती उगारण्यास अवधी मिळतोच असे नाही. तिने माणसाला रानात शिरण्याचे धैर्य दिले, हा तिचा मोठा उपयोग होता. पुढे हीच कुऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने प्रश्न निर्माण करणार होती.

वसाहतकाल : इनाम, बंदूक व तक्ते

एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या रांगेचे प्रशासन तीन सत्तांत विभागले गेले. दक्षिणेकडील उतार निजामाच्या राज्यात, उत्तरेकडील खानदेश १८१८ नंतर मुंबई इलाख्यात, तर पूर्वेकडील वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली व १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. डोंगर एक, अस्वल एक, पण नियम तीन ठिकाणचे. बदनापूर व जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते.

या रांगेतील इंग्रजांच्या प्रवेशाची सर्वज्ञात घटना शिकारीचीच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा घोडदळातील अधिकारी वाघाच्या मागावर असताना अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. लेणी त्या काळी वन्य पशूंची आश्रयस्थाने होती. १८४४ पासून तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला रॉबर्ट गिल हाही शिकारी म्हणून प्रसिद्ध होता. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने शिकारीचा उपयोग भिल्लांचा विश्वास संपादण्यासाठी केला. त्याच्या शिकारीत वाघांबरोबर अस्वलेही होती. भिल्लांना जंगलाचे ज्ञान होते, औट्रमजवळ बंदुका होत्या, आणि या देवघेवीतून सत्ता दृढ झाली. येथे संरक्षण हे राज्यकर्त्याने प्रजेवर केलेला उपकार म्हणून पुढे येते. पूर्वी ते गावाने स्वतः सांभाळलेले काम होते.

पुढे इनामांची पद्धत स्थिरावली. वाघ, बिबटे, अस्वल, लांडगा व तरस यांना मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून रक्कम मिळे. वाघासाठीचे इनाम मोठे, अस्वलासाठीचे त्याहून बरेच कमी. १८७० च्या दशकापासून हिंदुस्थान सरकार दरवर्षी वन्य पशू व सर्प यांमुळे झालेल्या मृत्यूंचे तक्ते प्रसिद्ध करू लागले. त्यांत मृत माणसे, मृत गुरे, मारलेले पशू आणि वाटलेली इनामे यांचे स्तंभ असत. जखमी माणसांचा स्तंभ नव्हता. परिणामी या तक्त्यांत अस्वल नेहमीच वाघाच्या मागे राहिले आणि त्याच्यापासून बचावाचा विचार धोरणात कधी आलाच नाही.

शिकारसाहित्याने या विषयाची दुसरी बाजू रंगविली. जेम्स फोर्सिथचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये, रॉबर्ट स्टर्नडेलचे सातपुड्यातील शिबिरजीवनावरील पुस्तक १८७७ मध्ये, तर मध्य प्रांताच्या वन खात्यातील अधिकारी डनबार ब्रँडर याचा वन्य पशूंवरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांचे प्राणिशास्त्रीय मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांतील दृष्टी हाकाऱ्यांनी उठविलेले जनावर बंदुकीच्या टप्प्यात येण्याची वाट पाहणाऱ्याची आहे. ज्याच्या अंगावर अस्वल प्रथम येई तो हाकारी, आणि तो बहुधा निनावीच राहतो. दक्षिणेकडील केनेथ अँडरसनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात म्हैसूरच्या एका अस्वलाची हकिकत सांगितली, ती वाचकांच्या लक्षात राहिली. त्या अस्वलाने अनेक माणसे मारली होती म्हणूनच ती लिहिली गेली. अपवादात्मक नरघातकी अस्वल साहित्यात अमर झाले. दरवर्षी माणसे जायबंदी करणाऱ्या साध्या अस्वलांविषयी कोणी लिहिले नाही.

याच काळात दोन कायद्यांनी सामान्य माणसाच्या बचावाची चौकट बदलली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातील प्रवेश, चराई व वनोपज यांवर निर्बंध आणले. मुंबई इलाख्याच्या किनारी जिल्ह्यांत तर १८९२ मध्ये मोहफुलांवर स्वतंत्र कायदा झाला. हे कायदे ब्रिटिश मुलखातले. निजामाच्या राज्यातील व्यवस्था वेगळी होती. तथापि परिणामाची दिशा स्पष्ट आहे. जो मनुष्य उजेडी, चारचौघांत, गाजावाजा करीत रानात जात असे, त्याला आता रखवालदाराच्या नजरेस न पडता, शांतपणे आणि अनेकदा एकट्याने जावे लागले. अस्वलापासून बचाव करणारा आवाजच रखवालदाराला सुगावा देणारा ठरला. या कायद्यांची चर्चा महसूल व हक्क यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. जीविताच्या सुरक्षिततेच्या अंगाने ती फारशी झालेली दिसत नाही.

मैदानातील अस्वल

अजिंठ्याच्या खालच्या मैदानी गावांना अस्वल परिचित होते ते दरवेशाच्या दोरीला बांधलेले. नाकात वेसण, दात व नख्या काढलेल्या, डमरूच्या तालावर उभे राहणारे हे जनावर बाजारच्या दिवशी येई. भीती जावी म्हणून लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवीत, केसांचे ताईत विकत घेत. १९७२ च्या कायद्यानंतर हा व्यवसाय बेकायदा ठरला, तरी तो दीर्घकाळ चालू राहिला. देशातील शेवटचे नाचविले जाणारे अस्वल २००९ च्या अखेरीस सोडविले गेल्याचे जाहीर झाले. तोवर कितीतरी पिढ्यांच्या मनात अस्वल म्हणजे गुदगुल्या करणारे, सुस्त व विनोदी जनावर अशी प्रतिमा ठसली होती. अस्वलाला पाहून लोक जवळ जातात, दगड मारतात, जमाव करून घेरतात, याच्या मुळाशी ही प्रतिमा काही अंशी असावी.

१९७२ नंतरचा कायदा आणि कुऱ्हाडीचा प्रश्न

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अस्वल आज प्रथम अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण लाभलेला प्राणी आहे. शिकार बंद झाली, इनामे इतिहासजमा झाली. हे आवश्यकच होते. वन्य अस्वल आता प्रामुख्याने भारत, नेपाळ व श्रीलंका एवढ्याच प्रदेशात उरले असून ते असुरक्षित प्रजातींत गणले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य अस्वलांसाठीच प्रसिद्ध आहे.

या अधिनियमात स्वसंरक्षणाची तरतूद आहे, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ११ च्या उपकलम (२) नुसार स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्यास मारणे वा जखमी करणे हा अपराध होत नाही. मात्र त्याला एक परंतुक जोडलेले आहे: बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती याच अधिनियमाचे उल्लंघन करीत असेल, तर तिला हे संरक्षण मिळत नाही. आता हे परंतुक कलम २७ व कलम ३१ यांच्याशी जोडून वाचावे. कलम २७ अभयारण्यातील प्रवेश मर्यादित करते. कलम ३१ लेखी परवानगीविना अभयारण्यात हत्यार नेण्यास मनाई करते. आणि हत्याराची व्याख्या इतकी व्यापक आहे की प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन तीत येऊ शकते. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन सरपणासाठी अभयारण्याच्या हद्दीत शिरलेल्या स्त्रीवर अस्वलाने हल्ला केला आणि तिने त्याच कुऱ्हाडीने आपला जीव वाचविला, तर कायद्याच्या अक्षरानुसार तिचा बचाव अपराधमुक्त राहतो काय, हा प्रश्न निर्माण होतो. चोरट्या शिकाऱ्याने बचावाची सबब सांगू नये हा परंतुकाचा हेतू उघड आहे व तो योग्यही आहे. पण शिकारी आणि सरपण आणणारी बाई यांत परंतुकाचे शब्द भेद करीत नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातील अगदी सुरुवातीच्या दाव्यांपैकी होता. हक्क मिळाल्याने जंगलात उजेडी, उघडपणे व समूहाने जाणे पुन्हा शक्य होते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही उपकरणापेक्षा मोठा आहे. नुकसानभरपाईच्या बाबतीतही राज्य शासनाने दर वाढविले. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीची रक्कम २०२२ मध्ये २० लाख रुपये झाली व पुढे ती २५ लाखांपर्यंत नेण्यात आली. कायमचे अपंगत्व व गंभीर जखम यांसाठी याहून बरीच कमी रक्कम मिळते. येथेही जुन्या तक्त्यांची छाया जाणवते. चेहरा विद्रूप झालेल्या, एक डोळा गेलेल्या, पुढे शेतमजुरीही न मिळणाऱ्या माणसाचे नुकसान कोणत्या वर्गात बसवावयाचे, हे ठरविणे सोपे नाही.

पाश्चात्त्य अनुभव व त्याच्या मर्यादा

अस्वलांपासून बचाव या विषयावरील आधुनिक शास्त्र प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत घडले. कॅनडातील स्टीफन हेरेरो यांचा अस्वलांच्या हल्ल्यांवरील ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विषयाचा पाया मानला जातो. मिरचीच्या अर्कापासून केलेल्या फवाऱ्याचा वापर तेथे १९८० च्या दशकापासून वाढला. अलास्कातील घटनांच्या अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तपकिरी अस्वलांच्या ९२ टक्के प्रसंगांत फवाऱ्याने त्यांना रोखल्याचे दिसून आले. त्याच गटाच्या २०१२ मधील दुसऱ्या अभ्यासात बंदूक वापरणारे व ती जवळ असूनही न वापरणारे यांच्या इजेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बंदुकीवरील विश्वासाला छेद देणारा हा निष्कर्ष आहे, आणि तो जेथे बंदुका विपुल आहेत अशा देशातून आला आहे.

तथापि हे शास्त्र जसेच्या तसे येथे आणता येत नाही. तेथील अस्वलप्रदेशात जाणारा माणूस बहुधा पर्यटक असतो. अन्न बंद पेटीत ठेवावे, तंबू दूर लावावा, हे नियम त्याच्यासाठी आहेत. आपल्याकडे जाणारा मनुष्य मजूर, शेतकरी वा गुराखी असतो आणि त्याच्या डोक्यावर मोळी असते. किमती फवारा त्याला परवडत नाही आणि हात मोकळा नसल्याने वेळेवर वापरताही येत नाही. भारतीय अस्वलाविषयी झालेल्या अलीकडच्या अभ्यासांनी जे सल्ले दिले आहेत, ते जुन्या लोकव्यवहारांच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जातात. पहाटे व तिन्हीसांजेला एकट्याने जाऊ नये. सतत बोलावे, अथवा काठीला घंटा वा घुंगरू बांधावे. पिलांच्या जवळ जाऊ नये. अस्वल दूर असेल व त्याचे लक्ष नसेल तर हळूहळू मागे सरावे. पळू नये, झाडावर चढू नये, कारण दोन्ही बाबतींत ते सरस आहे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत, चेहरा जमिनीकडे ठेवावा आणि ते निघून जाईपर्यंत हालचाल करू नये. हल्ला भीतीपोटी असल्याने धोका संपला असे वाटताच अस्वल सहसा निघून जाते. जखम लहान दिसली तरी धनुर्वात व रेबीज यांवरील लस तत्काळ घेणे अगत्याचे आहे, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर घटना कळविणे भरपाईच्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

रात्रीची वीज

जंगलाबाहेरील शेतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या डोंगरपायथ्याला मका व भुईमूग यांसाठी अस्वले शेतांत उतरतात. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी देण्याची वेळ शेतकरी ठरवीत नाही, ती वीजपुरवठ्याचे वेळापत्रक ठरविते. बदनापूरच्या शेतकऱ्याला रात्रपाळीच्या विजेचा जाच थंडी व साप यांच्या रूपात ठाऊक आहे. डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्याला त्यात अस्वलाची भर पडते. माळ्यावरची सामूहिक जागल आता उरली नाही. मोटार चालू करण्यास एकटा माणूस विजेरी घेऊन जातो, आणि बारे देताना तोही, वारूळ उकरणाऱ्या अस्वलाप्रमाणे, जमिनीकडेच पाहत असतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. तिच्याकडे ऊर्जा खात्याची योजना म्हणून पाहिले जाते. अभयारण्यालगतच्या गावांना तिच्यात अग्रक्रम दिल्यास ती त्या भागातील सर्वांत परिणामकारक वन्यजीव योजना ठरू शकेल.

जखमींची वयोगट, वेळ, ठिकाण व काम यांसह नोंद ठेवणारे एक साधे रजिस्टर प्रत्येक वनपरिक्षेत्रात ठेवणे शक्य आहे. कोणते काम करताना हल्ला झाला हा स्तंभ त्यात अवश्य असावा. दीडशे वर्षांपूर्वीच्या तक्त्यांत नेमकी हीच माहिती नव्हती. कलम ३१ च्या संदर्भात, लगतच्या गावकऱ्यांच्या हातातील घुंगरू बांधलेली काठी व सरपणाची कुऱ्हाड यांबाबत कोणती परवानगी गृहीत धरावयाची, हे मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी आदेशाने स्पष्ट करता येते. तसा आदेश निघण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करण्याची आवश्यकता नाही.